एक फटही नको

आज १२ ऑगस्ट, जागतिक हत्ती दिन. २०१२ पासून तो जगभर पाळला जातो. आज दिवसभर हत्तींची देखणी छायाचित्रे आपल्यापुढे येतील, शाळांत चित्रकलेच्या स्पर्धा होतील, वनखात्याचे कार्यक्रम होतील. ते सारे व्हावेच. पण ज्या एका वस्तूपायी गेल्या अर्धशतकात लाखो हत्तींचा जीव गेला, तिच्याविषयी आजच्या दिवशी स्पष्ट बोलले पाहिजे. ती वस्तू म्हणजे हत्तीचा दात.

सुळा म्हणजे हत्तीच्या वरच्या जबड्यातला पटाशीचा दात. तो आयुष्यभर वाढत राहतो. कोरड्या नदीपात्रात पाण्यासाठी खड्डा खणणे, झाडाची साल सोलणे, वाटेतला ओंडका बाजूला सारणे ही सगळी कामे हत्ती त्यानेच करतो. बाहेर दिसतो तेवढाच सुळा नसतो. त्याचा साधारण एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो. व्यापारात पैसे वजनावर मिळतात, म्हणून शिकाऱ्याला तोही भाग हवा असतो आणि तो मिळवायचा तर कुऱ्हाडीने किंवा करवतीने हत्तीचे तोंड फोडावे लागते. तोवर हत्तीचा प्राण गेलेला असतोच असे नाही. २००७ मध्ये चीनमध्ये झालेल्या एका पाहणीत दहापैकी सात जणांना हस्तिदंतासाठी हत्ती मारावा लागतो हे ठाऊकच नव्हते. दुधाचे दात पडतात तसे सुळे गळून पडत असावेत, असा समज तिकडेच आहे असे नाही, आपल्याकडेही तो भेटतो. सुळे गळून पडत नाहीत. शोकेसमधली हस्तिदंताची जवळजवळ प्रत्येक वस्तू एका मेलेल्या हत्तीच्या तोंडातून आलेली असते.

१९७९ मध्ये आफ्रिकेत सुमारे १३ लाख हत्ती असावेत असा अंदाज होता. दहा वर्षांत त्यातले निम्म्याहून अधिक गेले. २०१६ चा अंदाज सुमारे ४ लाख १५ हजारांचा आहे. माणसाची वस्ती आणि शेती पसरली, जंगले आक्रसली, हेही घटीचे कारण आहेच. पण घट जिथे अचानक आणि भयंकर झाली, तिथे बहुतेक ठिकाणी बंदूक आणि सुळाच सापडतो. टांझानियाचे उदाहरण पुरे आहे. २००९ मध्ये त्या देशात सुमारे १ लाख ९ हजार हत्ती होते. २०१४ मध्ये ४३ हजारांच्या आसपास उरले. पाच वर्षांत एका देशातले ६० टक्के हत्ती गेले. तिथे त्या काळात ना महायुद्ध झाले, ना हत्तींमध्ये साथ आली. हस्तिदंताचा भाव चढला होता, एवढेच. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, आफ्रिकेतला गवताळ प्रदेशातला हत्ती संकटग्रस्त ठरवला आणि वर्षावनातला हत्ती अतिसंकटग्रस्त ठरवला. या वनहत्तींची संख्या एकतीस वर्षांत ८६ टक्क्यांहून अधिक घटली आहे. वनहत्तीची मादी पहिले पिलू विशीच्या पुढे देते. उद्या सगळ्या बंदुका थांबल्या तरी हा तोटा भरून यायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातील.

हे आकडे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात आणि आपण वाचून पान उलटतो. आकड्यांत न मावणारे नुकसान याहून मोठे आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले आहे. वाघ किंवा बिबट्या म्हाताऱ्या, दुबळ्या हरणाला आधी गाठतो. हस्तिदंताचा शिकारी याच्या नेमके उलट करतो. त्याला सर्वांत मोठे सुळे हवे असतात, आणि ते कळपातल्या सर्वांत वयस्क, सर्वांत अनुभवी जनावराच्या तोंडात असतात. आफ्रिकेत माद्यांनाही सुळे असतात, त्यामुळे तिथे पहिली गोळी बहुधा कळपाच्या म्होरक्या आजीला लागते.

ही आजी कळपाला काय देत असते, हे आता अंदाजाने सांगायची गरज राहिलेली नाही. टांझानियातल्या तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात १९९३ मध्ये मोठा दुष्काळ पडला. नऊ महिन्यांत लहान पिलांपैकी वीस टक्के पिले दगावली. एरवी हे प्रमाण दोन टक्क्यांच्या घरात असते. संशोधकांनी कळपवार नोंदी तपासल्या तेव्हा चित्र स्पष्ट झाले. काही कळप उद्यान सोडून दूर पाण्याकडे निघून गेले होते आणि त्यांची पिले तुलनेने वाचली होती. या कळपांच्या म्होरक्या माद्या इतक्या वयाच्या होत्या की १९५८ ते १९६१ चा दुष्काळ त्यांनी पाहिला असणार. पाणी कुठे असते, तिथवर कोणत्या वाटेने जायचे, हे त्यांना आठवत होते. जो कळप जागच्या जागी थांबला आणि ज्याची पिले सर्वाधिक मेली, त्यातल्या वडीलधाऱ्या माद्या सत्तरच्या-ऐंशीच्या दशकांतल्या चोरट्या शिकारीत आधीच मारल्या गेल्या होत्या. म्हणजे ज्या गोळीने आजी मेली, तिनेच पंधरा वर्षांनी तिच्या नातवंडांचा बळी घेतला. त्या पिलांची नोंद मात्र दुष्काळबळी म्हणूनच होते. हस्तिदंताच्या हिशेबात ती कधीच येत नाहीत.

नरांचेही तसेच. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग अभयारण्यात ऐंशीच्या दशकात क्रूगर उद्यानातून पोरकी पिले आणून सोडली होती. क्रूगरमध्ये हत्तींची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारनेच मोठे हत्ती मारले होते आणि ही त्यांची मागे राहिलेली पोरे होती. हस्तिदंताच्या शिकारीची ही घटना नाही, पण मोठ्यांविना वाढलेल्या हत्तींचे काय होते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. नव्वदच्या दशकात ही पोरे वयात आली, अवेळी आणि दीर्घकाळ माजावर येऊ लागली, आणि त्यांनी चाळीसहून अधिक गेंडे ठार केले. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा थोराड नर आणून सोडले. त्यांच्या नुसत्या सहवासाने तरुण नरांचा माज ओसरला आणि गेंड्यांच्या हत्या थांबल्या. आज आफ्रिकेतल्या अनेक जंगलांत असे सहा नर आणायचे म्हटले तरी ते उरलेले नाहीत.

याहून खोलवरचा घाव मोझांबिकमध्ये दिसला. १९७७ ते १९९२ या काळातल्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी हस्तिदंत विकून पैसा उभा केला. गोरोंगोसा उद्यानातले ९० टक्क्यांहून अधिक हत्ती त्यात संपले. युद्धापूर्वी तिथल्या माद्यांपैकी १८.५ टक्के माद्या जन्मतः बिनसुळ्याच्या होत्या. युद्धानंतर हे प्रमाण जवळजवळ ५१ टक्क्यांवर गेले. ज्यांना सुळे नव्हते त्या वाचल्या आणि त्यांच्या लेकींनाही तोच वारसा मिळाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा गुण एक्स गुणसूत्रावरून येतो आणि नर गर्भाला तो बहुधा जगू देत नाही. म्हणजे बिनसुळ्याच्या मादीला बंदुकीपासून अभय मिळते, पण तिला मुलगे होण्याची शक्यता घटते. पंधरा वर्षांच्या लुटीने लाखो वर्षांत घडलेले शरीर असे वाकवले. हत्तीने आपला दात टाकून जीव वाचवला, असे म्हणून काही जण यात समाधान शोधतात. त्या सुळ्याने खणलेल्या खड्ड्यांतले पाणी पिणाऱ्या बाकीच्या प्राण्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

हे सगळे फक्त दूर आफ्रिकेत घडले असे मानायचे कारण नाही. आशियाई हत्तींत सुळे फक्त नरांना असतात आणि तेही सर्व नरांना नाहीत. बिनसुळ्याच्या नराला मखना म्हणतात. म्हणून आपल्याकडे शिकाऱ्यांनी नेमके टस्कर वेचून मारले. केरळमधल्या पेरियारच्या जंगलात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शंभराहून अधिक प्रौढ माद्यांमागे एक प्रौढ नर, अशी अवस्था झाली होती. मोजणीत हत्ती भरपूर दिसत होते, पण पिले होईनाशी झाली होती. तमिळनाडू आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या सत्यमंगलमच्या रानात वीरप्पनच्या टोळीने किती हत्ती मारले, याची खात्रीची संख्या कधीच हाती येणार नाही. शेकडो मारले याबद्दल मात्र कुणाचे दुमत नाही. त्याच्या मागावर असताना, शरण येण्याच्या आमिषाने बोलावून ज्यांची १९९१ च्या नोव्हेंबरात हत्या झाली, ते वनाधिकारी पी. श्रीनिवास आपल्याकडे फारसे कुणाला आठवत नाहीत. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळाले. हत्ती दिनी ज्यांची नावे घ्यावीत त्यांत ते आधी यायला हवेत.

शिकारीची रीतही बंदुकीपुरती राहिलेली नाही. २०१३ मध्ये झिम्बाब्वेच्या ह्वांगे उद्यानात हत्ती जिथे क्षार चाटायला येतात तिथे सायनाइड टाकले गेले आणि शंभराहून अधिक हत्ती मेले. बंदुकीचा आवाज गस्तीला ऐकू येतो, विषाचा येत नाही. मेलेल्या हत्तीवर गिधाडे घिरट्या घालू लागली की वनरक्षकांना जागा कळते. म्हणून शिकारी मृतदेहावरच विष ओततात. एकेका हत्तीच्या देहावर शेकडो गिधाडे मरून पडल्याच्या नोंदी आहेत. गिधाडे संपली की काय होते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकपायी आपली आभाळे कशी रिकामी झाली ते आपण पाहिले आहे. आपल्याकडे ते अजाणतेपणी झाले. तिथे ठरवून केले जाते.

शिकारी हा या साखळीतला सर्वांत गरीब माणूस असतो आणि तुरुंगातही बहुधा तोच जातो. त्याच्यावर गावचा दलाल, त्याच्यावर शहरातला गोळा करणारा, मग बंदरावरचा मोठा व्यापारी, आणि वाटेत कागदपत्रांवर डोळे मिटून सही करणारे अधिकारी. २०१९ च्या जुलैमध्ये सिंगापूरच्या बंदरात काँगोहून व्हिएतनामकडे निघालेले ८.८ टन हस्तिदंत पकडले गेले. सोबत जवळपास १२ टन खवल्या मांजराचे खवले होते. सुमारे तीनशे हत्तींचे ते सुळे होते. एवढा माल काही एखाद्या खेडुताच्या झोळीतून येत नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ सॅम्युअल वॉसर यांनी या बड्या टोळ्यांपर्यंत पोचण्याची एक विलक्षण वाट काढली. त्यांनी आफ्रिकाभरच्या हत्तींच्या लिदीतून जनुकीय नकाशा तयार केला आणि पकडलेला सुळा कुठल्या प्रदेशातला, हे त्यावरून सांगता येऊ लागले. २०१५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की जप्त मालातला मोठा हिस्सा मोजक्या दोनच टापूंतून येतो: गवताळ प्रदेशाच्या हत्तींसाठी टांझानिया आणि उत्तर मोझांबिक, तर वनहत्तींसाठी गॅबॉन, काँगो आणि कॅमेरून जिथे भिडतात तो पट्टा. पुढे त्याहून महत्त्वाची गोष्ट हाती लागली. एकाच हत्तीचा एक सुळा एका कंटेनरमध्ये आणि त्याचा जोडीदार काही महिन्यांच्या अंतराने त्याच बंदरातून निघालेल्या दुसऱ्या कंटेनरमध्ये सापडू लागला. वेगवेगळे वाटणारे गुन्हे अशा जुळलेल्या जोड्यांनी एकाच टोळीशी बांधले गेले. टांझानियातल्या न्यायालयाने २०१९ मध्ये यांग फेंगलान या चिनी व्यावसायिक महिलेला शेकडो सुळ्यांच्या तस्करीबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा दिली. असे निकाल अजून विरळ आहेत.

इथे आपल्या स्वतःच्या इतिहासाकडेही सरळ नजरेने पाहायला हवे. जालना जिल्ह्यातले भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातले तेर ही सातवाहनकाळातली भरभराटीची गावे. दोन्ही ठिकाणी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये जी भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिच्याशी या मूर्तींचे इतके साम्य आहे की ती मूर्ती आपल्याच दख्खनमधून गेली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. सांचीच्या दक्षिण तोरणावरचा एक शिलालेख ते कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचे सांगतो. तेरची मूर्ती पाहताना त्या हातांपुढे मान झुकतेच. पण कला थोर होती म्हणून तिच्या मालाची किंमत कुणी चुकवली हे पुसले जात नाही.

आणि पुढे एकोणिसाव्या शतकात आपली मुंबई तर हस्तिदंताची जगातली एक मोठी पेठ होती. टबोरा, उजिजी अशा आतल्या मुलखातून हमालांच्या आणि गुलामांच्या खांद्यांवरून सुळे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर यायचे, झांजिबारमध्ये कच्छी भाटिया व्यापारी ते खरेदी करायचे आणि गलबतांतून मुंबईला धाडायचे. इथून काही माल लंडनला आणि चीनला जाई, काही गुजरात-राजस्थानात नव्या नवरीच्या चुड्यासाठी. आफ्रिकी सुळा जाड आणि मऊ, त्यातून बांगड्या छान निघत. आपल्याकडच्या नवरीने काचेचा हिरवा चुडा भरला म्हणून मराठी मुलूख यातून सुटला असे नाही. माल आपल्या बंदरात उतरत होता, आपल्या गोदामांत राहत होता, आणि त्या पैशाने शहर वाढत होते. आज चीनकडे किंवा व्हिएतनामकडे बोट दाखवताना हे ध्यानात असावे.

मग ही लूट थांबवायची कशी? याचे उत्तर गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांच्या अनुभवाने दिले आहे, आणि ते आम्हाला निःसंदिग्ध वाटते. बाजार पूर्ण बंद करायचा, त्यात कसलीही फट ठेवायची नाही. १९८९ च्या जुलैमध्ये केनियाचे राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी १२ टन सुळे जाळले आणि त्याच वर्षी वन्यजीव व्यापारावरच्या साइट्स करारातल्या देशांनी आफ्रिकी हत्तीला सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात घातले. पूर्व आफ्रिकेतले कळप पुढच्या काही वर्षांत सावरू लागले. मग अपवाद सुरू झाले. १९९९ मध्ये जपानला सुमारे ५० टन, २००८ मध्ये चीन आणि जपानला मिळून सुमारे १०२ टन साठा एकवेळची विक्री म्हणून विकू दिला. तर्क असा होता की अधिकृत माल मिळाला की काळा बाजार आपोआप मरेल. झाले उलटे. चीनमध्ये परवानाधारक दुकाने उघडली, प्रत्येक वस्तूसोबत ओळखपत्र द्यायची पद्धत आली, आणि दुकानदार ओळखपत्र स्वतःकडेच ठेवून त्यावर नवा चोरटा माल खपवू लागले. गिऱ्हाइकाला आपण कायदेशीर वस्तू घेतो आहोत याचे समाधान मिळाले. २०११ च्या सुमारास आफ्रिकेतली शिकार शिगेला पोचली. या दोन गोष्टींचा संबंध नेमका किती, यावर अर्थतज्ज्ञ आजही वाद घालतात. पण काळा बाजार मेला नाही, एवढे तर वाद घालणारेही मान्य करतात.

जप्त होणारे सुळे जुन्या साठ्यातले असतात, हाही एक बचाव ऐकू येतो. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचे अंश मोजून सुळ्याचे वय काढता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा तपासणीत जप्त मालातले जवळजवळ सगळे सुळे पकडले जाण्याआधीच्या तीन वर्षांत मेलेल्या हत्तींचे निघाले. बाजारात जे येते ते ताजे असते.

आणि बंदीने काय साधते? २०१४ मध्ये चीनमध्ये कच्च्या हस्तिदंताचा घाऊक भाव किलोला सुमारे २,१०० डॉलर होता. बंदी येणार असे दिसू लागल्यावर २०१७ च्या आरंभी तो ७३० डॉलरवर आला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी चीनने आपला देशांतर्गत व्यापार बंद केला. पाठोपाठ हाँगकाँग, ब्रिटन यांनीही दारे लावली. भाव पडला की शिकाऱ्याला जोखीम परवडत नाही, हे साधे गणित आहे. जपानमध्ये मात्र नावाच्या शिक्क्यांसाठी हस्तिदंत आजही दुकानात विकत मिळते. जी फट उरली आहे ती एका श्रीमंत, सुशिक्षित, लोकशाही देशात उरावी याचे फार वाईट वाटते.

भारताने या बाबतीत जगाच्या आधी पाऊल उचलले, याचा अभिमान बाळगावा. १९७७ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हत्ती आला. १९८६ मध्ये भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. व्यापारी न्यायालयात गेले, दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बंदी उचलून धरली. मग युक्तिवाद आला की सैबेरियातल्या बर्फातून निघालेले, हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या मॅमथचे दात तरी विकू द्या. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तेही नाकारले. मॅमथच्या नावाखाली हत्तीचा दात विकला जाईल, ही भीती खरीच होती. केरळ, मुर्शिदाबाद, दिल्लीतल्या कारागिरांनी या बंदीची झळ सोसली. हाडावर, लाकडावर, शोला नावाच्या भेंडावर हात बसवायला त्यांना वर्षे लागली, आणि सरकारने त्यांना पुरेशी साथ दिली नाही. ते ऋण अजून फिटलेले नाही.

बंदी असूनही चोरी थांबली असे नाही. २०१५ मध्ये केरळमधल्या मलयाट्टूर वनविभागात टोळीतल्याच एकाच्या कबुलीतून सुरू झालेला तपास थेट दिल्लीपर्यंत पोचला आणि तिथे शेकडो किलो हस्तिदंत सापडले. तरीही एकूण चित्र पुष्कळ सुधारले आहे. २०२४ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत ५२८ हत्ती अनैसर्गिकरीत्या मेले. त्यांतले ३९२ विजेच्या धक्क्याने, ७३ रेल्वेखाली, १३ विषबाधेने आणि ५० शिकारीत. पन्नास हाही लहान आकडा नव्हे. पण दार बंद ठेवल्याने काय फरक पडतो, ते यात दिसते. तारांचे आणि रुळांचे काम आता तेवढ्याच जिद्दीने व्हायला हवे.

बोत्स्वाना, नामिबिया, झिम्बाब्वे यांची बाजू मात्र गांभीर्याने ऐकावी. एकट्या बोत्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. पिके तुडवली जातात, माणसे मरतात, आणि दूरच्या शहरांतले लोक हत्ती वाचवा म्हणून सांगतात. ही वेदना सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या शेतकऱ्याला समजावून द्यावी लागणार नाही. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती तिथे उतरले तेव्हापासून माड, केळी, सुपारी आणि भात यांची नासाडी चालू आहे, माणसेही दगावली आहेत. २०२१ पासून गडचिरोलीत छत्तीसगडच्या बाजूने कळप येतो आहे, तिथेही तेच. या शेतकऱ्याचा पंचनामा वेळेत व्हावा, भरपाई बाजारभावाने आणि त्याच हंगामात मिळावी, रात्रीची राखण एकट्याने करायची वेळ त्याच्यावर येऊ नये. हत्तीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने आधी ही मागणी करायला हवी. बोत्स्वानाच्या शेतकऱ्यालाही जगाने पैसा द्यावा, आणि तो भरपूर द्यावा. पण सुळ्यांच्या विक्रीतून तो त्याच्यापर्यंत पोचतो, हे हस्तिदंताच्या आजवरच्या व्यवहाराने कुठेही सिद्ध केलेले नाही. आणि बोत्स्वानाच्या साठ्यातून निघालेल्या कायदेशीर सुळ्याची किंमत गॅबॉनच्या वनहत्तीला चुकवावी लागते, कारण कोरून झालेल्या मण्यात दोघांचा दात गिऱ्हाइकाला सारखाच दिसतो.

म्हणूनच २०२२ च्या नोव्हेंबरात पनामातल्या साइट्स परिषदेत जे घडले ते आम्हाला सलते. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या चार देशांच्या हस्तिदंताचा व्यापार खुला करण्याचा झिम्बाब्वेचा प्रस्ताव मतदानाला आला आणि भारत तटस्थ राहिला. प्रस्ताव फेटाळला गेला, पण भारताच्या विरोधाविना. हाच भारत २००० मध्ये नैरोबीच्या परिषदेत केनियाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता आणि सगळ्याच आफ्रिकी हत्तींना पुन्हा पहिल्या परिशिष्टात घ्या असा प्रस्ताव त्याने मांडला होता. पनामाच्या दोनच महिने आधी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो उद्यानात आले होते, आणि त्यासाठीच्या करारात आंतरराष्ट्रीय मंचांवर जैवविविधतेच्या शाश्वत वापराला पाठिंबा देण्याची भाषा होती. हस्तिदंताचा उल्लेख त्यात नव्हता, हे खरे. तरीही जे मौन पाळले गेले त्याचे कारण सरकारने देशाला सांगायला हवे होते. २२ हजारांहून अधिक जंगली हत्ती आज भारतात आहेत. जगातले बहुसंख्य आशियाई हत्ती आपल्याच रानात राहतात. त्यांच्यातल्या प्रत्येक टस्कराच्या तोंडात असलेल्या सुळ्याचा भाव परदेशातल्या बाजारावर ठरतो.

सुळ्यांचा प्रश्न साइट्सच्या प्रत्येक परिषदेत पुन्हा पुन्हा येतो आणि येत राहील. तिथे भारताने तटस्थ न राहता विरोधात मत द्यावे आणि का दिले तेही उभे राहून सांगावे. मैत्री राखायची असेल तर नामिबियाला शेतकऱ्यांच्या भरपाईसाठी निधी देता येईल, कुंपणाचे आणि गस्तीचे तंत्र देता येईल. देशांतर्गतही एक काम बाकी आहे. आसामने २०२१ च्या सप्टेंबरात बोकाखात इथे जवळजवळ अडीच हजार गेंड्यांची शिंगे जाहीरपणे जाळली. केनियाने २०१६ मध्ये १०५ टन सुळे जाळले. आपल्या राज्यांच्या वनखात्यांच्या कोठारांत जप्तीचे आणि नैसर्गिक मृत्यूनंतर गोळा केलेले सुळे पडून आहेत. त्यांच्यासाठी पहारे ठेवावे लागतात आणि ते चोरीला जाण्याची भीती असते. न्यायालयीन पुराव्यापुरते नमुने आणि संग्रहालयांसाठी लागतील तेवढे ठेवून बाकीचे प्रत्येक राज्याने जाळावेत, आणि सुरुवात महाराष्ट्राने करावी.

ज्यांच्या घरी पणजोबांच्या वेळचा हस्तिदंती गणपती, फणी किंवा बुद्धिबळाचा पट आहे, त्यांनी मालकीचे प्रमाणपत्र आहे का ते पाहावे, नसेल तर वनखात्याशी बोलावे. अशी वस्तू विकणे गुन्हा आहे, आणि जुन्या बाजारात कुणी दाखवली तर ती विकत घेणेही. प्रमाणपत्राविना पडलेली वस्तू घरात ठेवण्यापेक्षा खात्याच्या ताब्यात द्यावी. असा निर्णय एखाद्या घराने घेतला तर वनाधिकाऱ्याने त्या माणसाला आरोपी न मानता त्याची वस्तू सन्मानाने स्वीकारावी, असा स्पष्ट आदेश सरकारने काढावा, म्हणजे लोक घाबरून ती भंगारवाल्याला किंवा दलालाला गुपचूप देणार नाहीत.